उरेब कापड आणि अस्तेय

व्हाइटफील्ड हे गाव मुळात नकलेतूनच उभं राहिलं. १८८२ साली म्हैसूरच्या चामराज वाडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन मंडळींच्या वसाहतीसाठी बंगळूरच्या पूर्वेला जमीन दिली. त्या मंडळींचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचं नाव वसाहतीला मिळालं आणि मधोमध वर्तुळ असलेला इंग्रजी खेड्याचा घाट दख्खनच्या मातीवर उतरला. ते ‘इनर सर्कल’ अजून आहे. भोवती मात्र आता काचेच्या इमारती आहेत, आणि तिथे पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून आलेले मराठी इंजिनिअर दिवसभर बसतात.

या लोकांना नकलेचे नियम पाठ असतात. दुसऱ्याच्या कोडच्या चार ओळी उचलायच्या तरी आधी लायसन्स तपासायचं, मूळ कर्त्याचं नाव कुठे टाकायचं ते बघायचं. आता यांतलीच एखादी बाई संध्याकाळी घरी येते, जेवणाचं टेबल रिकामं करते, त्यावर मांजरपाट अंथरते आणि मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या झग्याचा फोटो लावून खडूने रेघा मारू लागते, तेव्हा तिने कुठलं लायसन्स तपासायचं? प्रश्न गमतीचा वाटतो, पण भारतीय विचाराने तो फार गंभीरपणे घेतलेला आहे. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, आहे, जैनांच्या पाच व्रतांतही आहे. दुसऱ्याचं रूप घेणं ही चोरी होते का?

सोपं उत्तर असं की मालकाचं काहीच गेलेलं नाही, झगा पॅरिसच्या संग्रहालयात सुखरूप आहे, मग चोरी कसली? पण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाला हे उत्तर पटणार नाही. तिथे चोरीची कसोटी मालकाचं नुकसान ही नाहीच. जे दिलेलं नाही ते घेतलं की चोरी, इतकी ती व्याख्या कडक आहे.

आणि फोटोतल्या झग्याच्या कर्त्या मॅडलिन व्हिओने यांनी तर दिलेलं नव्हतंच. १८७६ साली जन्मलेल्या या बाईंनी कापड उरेब कापून अख्खा झगा शिवण्याचं तंत्र असं काही सिद्ध केलं, की पॅरिसभर त्याच्या नकला निघू लागल्या. त्यावर त्यांनी उपाय काढला तो अजब होता. प्रत्येक कपड्याच्या लेबलावर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा! शिवाय प्रत्येक नमुन्याचे पुढून, मागून, बाजूने फोटो काढून त्यांचे अल्बम करून ठेवले, पुरावा म्हणून.

अंगठा म्हटला की मराठी वाचकाला दुसरीच गोष्ट आठवणार. एकलव्यालाही विद्या दिलेली नव्हती, उलट स्पष्ट नाकारली होती. त्याने मातीचा द्रोण समोर ठेवून ती घेतली. उमास्वातींची व्याख्या तंतोतंत लावायची तर तो चोर ठरेल. पण आपल्याकडे कुणीही त्याला चोर म्हणत नाही, मन द्रोणावरच चिडतं. असं का? एक कारण म्हणजे एकलव्याने जे घेतलं ते नुसतं बघून मिळणारं नव्हतं, हात झिजवल्याशिवाय ते अंगी येत नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. गुरू कोण, असं विचारल्यावर त्याने लपवलं नाही. त्याचा अंगठा गेला तो या खरेपणापायीच.

हात झिजवणं म्हणजे काय, ते उरेब कापडावर टीप मारून पाहिलेल्या माणसालाच कळेल. उभा-आडवा धागा सोडून ४५ अंशांत कापलं की सुती कापडसुद्धा ताणलं जातं, अंगाबरोबर वळतं आणि मशीनखाली सरकतं. मुंढ्याचा गोल हातात धरेपर्यंत बदललेला असतो. खालची कड लगेच दुमडायची नाही. कपडा रात्रभर टांगून ठेवायचा, कारण स्वतःच्या वजनाने तो ठिकठिकाणी कमीजास्त उतरतो, आणि मग नव्याने खडू मारून कापायचा. व्हिओने स्वतः कागदावर चित्र काढत बसत नसत. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून त्या कपडा बेतत. फोटो पाहून शिवणारी बाई हळूहळू त्याच वाटेला लागते, कारण दुसरी वाट नाही. पहिला झगा बहुधा बिघडतोच. तिच्या हाती जे येतं त्याला चोरीचा माल म्हणणं कठीण आहे. ती शागिर्दी आहे, फक्त गुरू हयात नाही.

शिवाय व्हिओने यांनी शेवटी हात सैल सोडला. १९३९ मध्ये दुकान बंद झालं, आणि १९५२ मध्ये त्यांनी आपले झगे आणि तेच पुराव्याचे अल्बम फ्रान्समधल्या वेशभूषेच्या संग्रहाला देऊन टाकले. पुढे बेटी कर्क या अभ्यासिकेने मूळ कपडे तपासून लिहिलेल्या पुस्तकात त्यांचे पॅटर्नही छापले. म्हणजे न दिलेलं आता दिलेलं झालं. व्हाइटफील्डच्या टेबलावरचा खडू निदान या झग्यापुरता निर्दोष आहे.

उमास्वातींनी अस्तेयव्रताचे दोष सांगताना आणखी एक बारकावा टिपला आहे. चोराला चिथावणं, चोरीचा माल घेणं, खोटी मापं वापरणं यांच्या पंक्तीत त्यांनी बनावट वस्तूंचा व्यापारही बसवला. दोष व्यापाराचा आहे. आपला २००० सालचा डिझाइन कायदाही नेमका इथेच येऊन थांबतो: नोंदलेल्या डिझाइनची नक्कल विक्रीसाठी केली तर हक्कभंग, घरी अंगावर घालायला शिवली तर नाही. आणि ज्याने नोंदणीच केली नाही, त्याचे हाल वेगळे. ‘रितू कुमार’ या नावाने कपडे विकणाऱ्या कंपनीने ‘बिबा’वर नकलेचा दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तो टिकला नाही, कारण डिझाइन नोंदलेलं नाही आणि पन्नासहून जास्त कपडे निघाले की कायद्याने त्यावरचा कॉपीराइटही संपतो.

मराठी परंपरेत या सगळ्याची उलट बाजूही आहे, आणि ती एका शिंप्याच्याच नावाशी जोडलेली आहे. संत नामदेवांची ‘नामा’ ही मुद्रा पुढच्या कितीतरी कवींनी वापरली. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा त्यांतला सर्वांत ठळक. कुठला अभंग कुणाचा, हे वेगळं करताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. इथे रचना स्वतःची आणि लेबल दुसऱ्याचं. पॅरिसच्या हिशेबाने ही शुद्ध बनावटगिरी. वारकऱ्यांच्या हिशेबाने आपलं नाव पुसून टाकण्याची नम्रता. घरी शिवणारी बाई या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभी असते: घाट दुसऱ्याचा, हात स्वतःचा, लेबलाची जागा कोरी.

पण नम्रतेचं हे कौतुक सरसकट करून चालणार नाही. घेणारा कोण आणि ज्याचं घेतलं तो कोण, हेही पाहावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला फिरवल्या आणि उगमाचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चीड उसळली. २०१९ पासून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचं आहे. एका बाईने व्हिओनेंचा झगा घरी शिवणं आणि एवढ्या मोठ्या कंपनीने चांभाराची चप्पल रॅम्पवर नेणं, ही एकच कृती नव्हे. बिनबोभाट घेणं मात्र दोन्हीकडे शक्य असतं. सांगानेरी ठशाच्या कापडातून एखाद्या बड्या डिझायनरचा लेहंगा उतरवताना ‘मी अमक्याची कॉपी केली’ असं सांगणारी बाईसुद्धा ठसे मारणाऱ्या गावाचं नाव घ्यायला विसरते.

आणि मग कधीतरी शेजारच्या फ्लॅटमधून फर्माईश येते. ‘अगं, मलाही एक शिवून दे ना, शिलाई घे हवी तर.’ व्यापाराची रेघ इथे, लिफ्टच्या दारात ओलांडली जाते. झगा व्हिओनेंचा असेल तर पैसे हाताच्या कष्टाचे समजून घ्यावेत आणि घाट कुणाचा ते शेजारणीला सांगून टाकावं; १९७५ मध्ये वारलेल्या त्या बाईंकडून आता परवानगी मागायची उरलेली नाही. डिझाइन आजच्या कुणाचं, नोंदलेलं असेल, तर कायद्याचं संरक्षण आधी दहा आणि वाढवून घेतलं तर एकूण पंधरा वर्षांचं असतं. तेवढी वर्षं शेजारणीला नाही म्हणणं बरं. तिला राग येईल, पण उरेब ब्लाउज कसा बेतायचा ते शिकवायला काहीच हरकत नाही.