माझ्यामुळे तर नाही ना?

करोनाच्या वॉर्डात काम केलेल्या माणसांशी निवांत बोलायला बसलं की त्यांच्या भीतीचं खरं रूप कळतं. स्वतःच्या मरणाचा विषय ते दोन वाक्यांत संपवतात. बोलत राहतात ते घरच्यांविषयी, रुग्णांविषयी. ‘‘माझ्या हातून सासूबाईंना लागण झाली असती तर?’’ एका सिस्टरांचा हा प्रश्न अजून संपलेला नाही. वॉर्ड बंद होऊन वर्षं झाली, तरी घरी आल्यावर त्या आधी मोरीत जातात. किल्ल्या, चष्मा, मोबाइल पुसून वेगळ्या ताटलीत ठेवायचे, मग कोपरापर्यंत हात धुवायचे. नळाला कोपर लागलं अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली आहे, भाजी चिरताना मिरची झोंबते. घरचे म्हणतात, ‘‘अहो, झालं की आता.’’ ‘झालं’ हे त्यांच्या मनाला पटतच नाही. या आजाराला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. धुणं हे त्याचं एक रूप. सलाइनची गती, ऑक्सिजनचा नॉब, इंजेक्शनचा डोस चार-चार वेळा तपासूनही पाय खाटेपासून न हलणं, हे दुसरं.

2020 साली यातलं बरंचसं त्यांना आपणच शिकवलं. पीपीई किट उतरवायचा क्रम ठरलेला होता आणि मध्ये मध्ये हात स्वच्छ करायचे होते. साबणानं हात धुवायला 40 ते 60 सेकंद लावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ती शिस्त होती आणि गरजेची होती. पुढे 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका कमी असल्याचं सांगितलं, पुसापुशीचा आग्रह हळूहळू सैल झाला. पण ज्यांनी महिनोन् महिने त्या शिस्तीवर घरच्यांचा जीव तोलून धरला, त्यांच्या मनातला नियम परिपत्रकानं कसा बदलणार?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये मंत्रचळाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मांडली: अनर्थ टाळण्याची सगळी जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, ही वाजवीपेक्षा मोठी झालेली जाणीव. इथे मला थबकायला होतं. चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असतात, तेव्हा जबाबदारीची जाणीव वाजवीपेक्षा मोठी होती असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ओझं खरंच तेवढं होतं, आणि ते आपण त्यांच्यावर टाकून घरात बसलो होतो.

हातांविषयीचं हे दुःख जुनं आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन आपणही त्या बायकांना तपासत होतो, आपल्यामुळेही कितीतरी जणी गेल्या, ही खंत त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. शोध लावणाऱ्यालाही ती सुटली नाही. मग ज्यांची काही चूकच नव्हती, त्यांनी ती एकट्यानं का वाहायची?

मंत्रचळावर उपचार आहेत. औषधं आहेत, शिवाय शंका आली तरी न धुता, न तपासता थांबायचं, अस्वस्थता आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं, असं तज्ज्ञांच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं शिकता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं. तरी सिस्टर बोलत नाहीत. नोंद झाली तर मॅट्रन काय म्हणतील, आयसीयूतून काढतील का, ही धास्ती असते. ती घालवणं रुग्णालय चालवणाऱ्यांच्याच हातात आहे. कर्मचाऱ्यांची साखर आणि रक्तदाब तपासता, तेव्हाच झोप लागते का, हात किती वेळा धुता, हेही विचारा. उत्तर ड्यूटीच्या कागदांत जाणार नाही, याची लेखी हमी द्या. आणि उपचारांसाठी भरपगारी रजा द्या.