एका कांद्यात किती जीव?

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी मराठी घरांत कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असं सगळं मनसोक्त होतं. दोन दिवसांनी आषाढी एकादशी येते आणि चातुर्मास पाळणाऱ्यांचा कांदा-लसूण थेट कार्तिकीपर्यंत बंद. पाळणारे आता थोडे उरले आहेत, कांदेनवमी मात्र टिकून आहे. भजी सोडायला कोण तयार होईल?

ताटातला कांदा असा रजेवर जातो, त्याच चार महिन्यांत त्याचे रानटी सोयरे जमिनीतून डोकं वर काढतात. कोकणातल्या कातळावर दीपकाडी फुलते, ठिपकेदार पानांची लेडेबुरिया येते. आणि पाऊस ओसरता ओसरता, भाद्रपद-आश्विनात, गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये पांढरी रेन लिली उमलते. झेफिरँथस कँडिडा हे तिचं शास्त्रीय नाव आणि दक्षिण अमेरिका तिचं माहेर. आजच्या वर्गीकरणात ती आणि कांदा एकाच कुळात बसतात. पानं इतकी कांद्याच्या पातीसारखी, की नवख्याला फरक कळू नये. कळायला मात्र हवा, कारण तिचा कंद विषारी आहे.

कांदा का सोडायचा, या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं मुंबईतल्या गोराईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर शेजारी शेजारी नांदतात. अलीकडे बोरिवली, जिथे कित्येक जैन घरांत कंदमूळ बारा महिने वर्ज्य. होडीने पलीकडे गेलं की विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. 8 फेब्रुवारी 2009 रोजी त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकावेळी ध्यानाला बसू शकतात. त्याच्या पुढे गोराई, कुळवेम, मनोरी ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावं.

हिंदू स्वयंपाकघराचं उत्तर खाणाऱ्याकडे पाहून दिलेलं आहे. कांदा तामसी, तो मन चाळवतो, म्हणून व्रतात नको. पावसाळ्यात साठवणीचा कांदा सडतो, हे व्यावहारिक कारणही जोडीला सांगितलं जातं. यात कांद्याला स्वतःला काय वाटतं, हा प्रश्नच नाही.

जैन उत्तर कांद्याकडे पाहून दिलेलं आहे, आणि या सगळ्यांत तेच सर्वात धारदार आहे. जैन विचार वनस्पतींचे दोन भाग करतो. ‘प्रत्येक’ वनस्पतीत एका शरीराला एक जीव. ‘साधारण’ वनस्पतीत एकाच शरीरात अनंत जीव, त्यांचा आहार एक, श्वासही एक. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्यायात अशा वनस्पतींची यादी आहे. मुळा, आलं, कांदा, लसूण तिच्यात येतात. फळ तोडलं तरी झाड उभं राहतं. कांदा उपटला की अख्खी वसाहत उठते. सुंठ आणि हळद मात्र अनेक जैन घरांत चालते, कारण वाळल्यावर त्यांत जीव उरत नाही असं मानलं जातं.

ही निव्वळ श्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण कंदांची अभिवृद्धी करणारा माळी काय करतो ते पाहावं. रेन लिलीच्या कुळातल्या एखाद्या कंदाचे तो सुरीने उभे काप करतो. प्रत्येक कापाला तळच्या कडक चकतीचा तुकडा राहील एवढी काळजी घेतो आणि ते काप दमट वाळूत ठेवतो. काही आठवड्यांत पाकळ्यांच्या बेचक्यात मोत्याएवढे नवे कंद धरतात. चकती न लागलेला काप नुसता कुजतो. मग मूळ कंदात जीव होते किती? एक म्हणावं तर तो मेलेला नाही आणि एकही राहिलेला नाही. ‘अनंत’ हा शब्द वनस्पतिशास्त्राला झेपणारा नाही, पण कंदाला एकवचन लावता येत नाही हे निरीक्षण बिनचूक आहे.

केशराने तर ही मोजदाद उलटी करून ठेवली आहे. शरदात फुलणाऱ्या छोट्या कंदांत सगळ्यात नामांकित तेच, आणि कोजागरीच्या दुधातून मराठी घरात सर्वात जवळचंही तेच. केशराचं झाड त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलं. त्यामुळे त्याला बी धरत नाही. हजारो वर्षं माणूस त्याचे कंद सोडवून पुन्हा लावत आला आहे. पांपोरच्या शेतातलं केशर, इराणमधलं केशर, पुण्यात शिपिंग कंटेनरमध्ये वाढवलेलं केशर, सगळी एकमेकांची लेकरं नव्हेत, तुकडे आहेत. जैन तत्त्वज्ञ एका शरीरात अनंत जीव पाहतो. इथे एकच देह असंख्य ठिकाणी पसरलेला दिसतो.

(ओळखण्याची खूण जाता जाता: केशराला तीन पुंकेसर, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी कोल्चिकमला सहा. ही गणती चुकली तर माणूस जिवाला मुकू शकतो.)

बौद्ध उत्तर तिसऱ्याच बाजूने येतं. पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, जमीन खणणं आणि वनस्पती तोडणं या दोन्ही गोष्टी त्यांना निषिद्ध आहेत. तिथे वनस्पतीचे पाच प्रकार सांगितले आहेत: मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियांपासून वाढणारे. मुळाच्या प्रकारात हळद, आलं, वेखंड. कुठल्याही रोपवाटिकेत चालेल अशी ही यादी! पण नियमामागची गोष्ट वेगळी आहे. एका भिक्खूने झाड तोडलं, लोक चिडले, कारण झाडाला एक इंद्रिय असतं असं ते मानत. वर्षावासाची, म्हणजे पावसाळा एकाच जागी काढण्याची, प्रथाही अशाच तक्रारीतून आली: पावसात हिरवं गवत तुडवत कसले फिरता? झाडाला जीव आहे की नाही, यावर ग्रंथ ठाम निवाडा देत नाहीत. लॅम्बर्ट श्मिटहाउझेन या जर्मन अभ्यासकाने 1991 साली या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, त्यातही वनस्पती सीमारेषेवरच राहते. खात्री नसेल तिथे हात आवरा, एवढंच विनय सांगतो.

ख्रिस्ती बाजूला करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने पुनरुत्थान समजावताना बी घेतलं आहे. पेरलेलं बी मेल्याशिवाय उगवत नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवताना ती प्रतिमा पटते. कंद घेतला असता तर पौलाची पंचाईत झाली असती, कारण कंद मरतच नाही.

हे वनस्पती गोळा करणाऱ्यांनी हाताने अनुभवलं आहे. कंद दाबपेटीत कागदांमध्ये घट्ट आवळून ठेवला तरी तो आतल्या साठ्यावर जगतो, अंधारात पिवळी पानं काढतो, कधी फुलतोही. म्हणून हर्बेरियमसाठी कंद आधी उकळत्या पाण्यात बुडवतात किंवा उभा चिरतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम 1906 सालचं. ते उभारणारे एथेलबर्ट ब्लॅटर आणि पुढच्या पिढीतले सांतापाव हे दोघेही जेझुइट धर्मगुरू. आत्म्याची चिंता वाहणाऱ्या या माणसांनी मुंबईच्या डोंगरातली कंदफुलं उपटली, वाळवली आणि त्यांना नावं दिली. कान्हेरीच्या कातळावरची दीपकाडीची एक दुर्मीळ जात, दिपकाडी सॅक्सोरम, ब्लॅटर यांनीच नोंदवली. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी नाव दिलेल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर बोरिवलीच आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. तिची मुळं शक्तिवर्धक म्हणून विकली जाऊ लागली आणि रानोमाळ खणाखण सुरू झाली.

नमुन्यांसाठीचं ते उपटणं चुकीचं होतं का? नाव नसतं तर ती झाडं दुर्मीळ आहेत हेही कळलं नसतं. पण काम भागल्यावर हात थांबला पाहिजे. फुलाशिवाय दीपकाडी, लेडेबुरिया आणि रानकांदा यांचे कंद एकमेकांपासून वेगळे ओळखणं तज्ज्ञालाही जड जातं. रानकांदा तर फुलतो उन्हाळ्यात आणि पानं काढतो पावसात, दोन्ही सहसा एकदम भेटत नाहीत. म्हणजे खणून फारसं कळतच नाही. कान्हेरीला जाणाऱ्याने कॅमेरा न्यावा आणि खुरपं घरी ठेवावं. हौस कुंडीतल्या रेन लिलीवर भागवावी: मातीत वाळू भरपूर, कुंडी लहान, कंद दाटीने, आणि सोडवायचे ते फुलं सरल्यावर, कार्तिकी उलटली की.