वसुलीदार उंबरठ्याशी येतो तेव्हा

शास्त्रपाठ: अनुवाद, अध्याय २४, वचने ६ व १० ते १७



फाल्गुन सरत येतो आणि सरकारी वर्षाचा शेवट जवळ येतो, तेव्हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दरसाल एक निराळीच वर्दळ सुरू होते. शहरात मालमत्ता कराची व पाणीपट्टीची पथके गल्लोगल्ली फिरू लागतात. खेड्यात ग्रामसेवक, ज्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचे, शिपायास बरोबर घेऊन दारोदार जातात. कोठे नळ तोडला जातो, कोठे यादी चावडीवर लागते, आणि आपल्या महाराष्ट्रात काही ठिकाणी तर थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजविण्यापर्यंत मजल गेली आहे. ज्याच्या गाठीस पैका आहे त्यास ही वर्दळ नुसती कंटाळवाणी वाटते. परंतु जी एकटी आहे, थकलेली आहे, जिला अक्षरओळख नाही, तिच्या छातीत मात्र शिपायाच्या वहाणांचा आवाज ऐकताच धस्स होते. आजचे बोलणे तिच्याकरिता आहे. आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या उपदेशक बंधूंकरिता त्याहून अधिक आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आमच्या देखरेखीखालील एका गावी एक वृद्ध विधवा राहतात. गावाचे नाव सांगत नाही. मुलगा व सून दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात ते पाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर आजीबाई आणि आठ वर्षांचा नातू असे दोघेच घरी. पायाने चालविण्याचे एक जुने शिवणयंत्र आहे, त्यावर गोधड्या व पिशव्या शिवून त्या दोघांचे पोट चालते. घर अजून मयत पतीच्याच नावावर. पट्टीचे बिल आले ते त्यांनी गव्हाच्या कणगीत ठेविले. दुसरा कागद आला तोही त्यावरच ठेविला. एके रविवारी उपासना संपल्यावर त्या आमच्याजवळ आल्या व पदराचा शेव चाळवीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, पंचायतीचा कागद आलाय." आम्हांस पुढच्या गावची उपासना गाठावयाची होती. आम्ही म्हणालो, "आजी, प्रार्थना करा, प्रभू मार्ग काढील," आणि फटफटी सुरू केली. तो कागद आम्ही पाहावयास देखील मागितला नाही.

बंधूंनो, प्रार्थना करा असे सांगणे चूक नव्हे. पण ज्याला वाचता येते त्याने न वाचता येणाऱ्यास केवळ तेवढेच सांगून निघून जावे, हे आळसाला भक्तीचा अंगरखा घालण्यासारखे आहे.

काही आठवड्यांनी आम्ही त्या गावी गेलो तो वसुलीची मंडळी दारात उभी. आजीबाईंनी आतून कडी लाविली होती आणि नातवास खिडकीशी उभे करून, "आजी घरी नाही," असे म्हणावयास लाविले होते. रविवारच्या शाळेत खोटे बोलू नये हे ज्यास आम्हीच शिकविले, तो पोर आमच्याकडे पाहात ते वाक्य म्हणत होता. अखेर कडी निघाली. दोघे आत गेले आणि शिवणयंत्र उचलून उंबरठ्यापर्यंत आणिले. आम्ही काय केले? हात बांधून भिंतीशी उभे राहिलो. सरकारी कामात पाळकाने तोंड घालू नये, असे आमचे आम्हीच मनाशी म्हणत होतो.

तेथे बोलली ती आमच्या उपदेशकांची मुलगी. ती शहरात राहून कायदा शिकते. ती पुढे होऊन अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, जप्तीचे वॉरंट दाखवा. आणि हे यंत्र न्यायचेच असेल तर पंचांसमोर यादी करा. आजींचे पोट यावर चालते, हेही त्या यादीत लिहा." त्या अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले, मग यंत्राकडे पाहिले, आणि ते खाली ठेवविले. ओट्यावर बसून हिशेब झाला. कित्येक वर्षे कोरड्या पडलेल्या नळाचीही पट्टी बिलात लागत होती, हे तेव्हा कळले. शेजाऱ्यांनी मिळून पहिला हप्ता दिला, पावती घेतली, उरलेल्याचा लेखी अर्ज केला, आणि नळाच्या आकारणीविषयी वेगळी तक्रार दिली. अर्ध्या तासाचे काम. ते आम्हांस त्या रविवारीच करता आले असते.

आता शास्त्रपाठाकडे वळू. मोशेच्या नियमशास्त्रात तेथे प्रसंग कर्जाचा व गहाणाचा आहे, कराचा नाही, हे खरे. पण आजीबाईंच्या दारातले सर्व काही त्यात आहे. धनको गहाण घेण्यास गेला तर त्याने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणको काय आणून देतो त्याची वाट पाहावी, असे तेथे सांगितले आहे. जात्याची तळीही गहाण घेऊ नये आणि वरची पाळूही घेऊ नये, कारण जाते गेले म्हणजे जीवच गहाण पडला. गरिबाचे पांघरूण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे. विधवेचे वस्त्र तर घेऊच नये. यात देणे बुडवावे असे कोठेच म्हटलेले नाही. देणे देणेच राहते. देवाने रक्षण केले आहे ते उंबरठ्याचे, जात्याचे आणि अंथरुणाचे.

आपल्या देशाच्या कायद्याचे पुस्तक उघडून पाहाल तर त्यात याच्याशी जुळणारे पुष्कळ सापडेल. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात जप्त होऊ न शकणाऱ्या वस्तू सांगितल्या आहेत. ऋणकोची व त्याच्या बायकामुलांची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीमुळे स्त्रीस अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि त्याच्या उपजीविकेस लागणारी जनावरे व बियाणे, ही सर्व त्यात येतात. जाते आणि पांघरूण दोन्ही आली, पाहा! त्याच संहितेच्या ६२ व्या कलमाप्रमाणे जप्तीकरिता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीस अटक करता येत नाही, असे ५६ वे कलम सांगते. हे नियम मुळात न्यायालयाच्या बेलिफाकरिता आहेत. परंतु थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करावयाची झाली, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १८० वे कलमही संहितेने वगळलेल्या वस्तू जप्तीतून वगळते.

ग्रामपंचायतीच्या पट्टीची वाट १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात, १२९ व्या कलमात, आखून दिली आहे. आधी बिल आले पाहिजे, त्यात भरण्याची तारीख पाहिजे. ती तारीख टळली तर मागणीचा लेख बजावला जातो. तो बजावल्यापासून तीस दिवसांत भरणा झाला नाही, तरच जंगम मालाच्या जप्तीची व विक्रीची पाळी येते. तेव्हा कणगीत पडलेला कागद हा निव्वळ कागद नव्हे. ते तीस दिवस आहेत. आजीबाईंचे तीस दिवस गव्हात पुरले गेले, आणि त्यांतील निदान एक दिवस आम्ही आमच्या हाताने पुरला.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब लोकांस पट्टी चुकविण्यास शिकवितात काय? मुळीच नाही. कर ज्याचा त्यास द्यावा, हे पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट शिकविले आहे, आणि गावचा दिवा, गटार व पाण्याची टाकी त्याच पैशातून चालते. शिवाय आपण ज्या भूमीवर राहतो तिला कराची गोष्ट नवी नाही. १६१० च्या सुमारास खडकी वसविणारा मलिक अंबर, ज्याची खडकी पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाली, तो लढवय्या म्हणून जेवढा गाजला तेवढाच सारा बसविण्याच्या व्यवस्थेकरिताही गाजला. जमिनीचा कस पाहून सारा ठरवावा आणि काय द्यावयाचे ते रयतेस आधी कळावे, यात तिचे मोल होते. आपले किती देणे आहे हे ज्यास ठाऊक असते, तो मान वर करून देतो. भय वाटते ते न वाचलेल्या आकड्याचे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, कागद आला की पहिले काम वाचण्याचे. तो कोणी पाठविला, कोणत्या वर्षांचा, किती रकमेचा, शेवटची तारीख कोणती, हे मोठ्याने वाचून दाखवा. नमुना ८ च्या नोंदीत घर कोणाच्या नावे आहे ते पाहा. मयताच्या नावे असेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच फेरीत द्या. आकारणीच चुकीची वाटत असेल तर पंचायत समितीकडे अपील करता येते. सारी रक्कम एकदम देता येत नसेल तर हप्त्यांचा अर्ज लिहा. हप्ते मिळतीलच असे नाही, पण मागण्यात लाज कसली? अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. पावतीवाचून एक रुपयाही कोणाच्या हाती देऊ नका, मग तो आपल्या नात्यातला का असेना. घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल, तर तिच्या घरपट्टीच्या माफीकरिता शासनाची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना २०२० पासून आहे. तिचा अर्ज न करता वर्षानुवर्षे पट्टी भरणारी कुटुंबे असू शकतात, तेव्हा विचारून घ्या.

एका कागदाविषयी विशेष सांगावयाचे आहे. राष्ट्रीय लोकअदालतीपूर्वी पुष्कळ घरी पट्टीच्या थकबाकीची नोटीस येते, आणि तिच्यावर न्यायालयाचे नाव पाहून म्हातारी माणसे अन्न सोडतात. ते अटकेचे बोलावणे नव्हे. लोकअदालतीत दोन्ही बाजूंनी राजीखुशीने मान्य केले तरच निवाडा होतो. मान्य नसेल तर तसे सांगून घरी येता येते. मात्र एकदा सही अथवा अंगठा दिला की तो निवाडा अखेरचा होतो व त्यावर अपील राहात नाही, म्हणून आकडा नीट समजल्यावाचून अंगठा देऊ नये. वकील पाहिजे असेल तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रियांस, मग त्यांचे उत्पन्न काही असो, आणि अपंगांस फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, तालुक्यास समिती आहे, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालतो.

इंग्लंडात २०१४ पासून असा नियम आहे की, घरात केवळ लहान मूल अथवा दुर्बल मनुष्य असेल तर वसुलीदाराने मालास हात लावू नये. तो नियम वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे खिडकीशी उभा असलेला तो नातू आला. आपल्या गावी असे मूल वसुलीच्या दिवशी एकटे का सापडावे? मंडळी कशाकरिता आहे?

दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवेची गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकली. सावकार तिचे दोन मुलगे न्यावयास आला होता. अलीशाने तिला प्रश्न विचारला तो घरात काय आहे हा. आम्ही मात्र तो प्रश्न विचारल्यावाचूनच फटफटी सुरू केली होती. तेल वाढले हा चमत्कार आपण सांगतो, पण ती भांडी कोणाची होती? शेजाऱ्यांची. शेजाऱ्यांनी रिकामी भांडी दिली नसती तर तेल कशात ओतावयाचे होते? आणि तेल विकून तिने प्रथम काय करावे, असे संदेष्ट्याने सांगितले? देणे फेडावे.

वसुलीदाराविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. त्याचा द्वेष करू नका. त्याच्या मागे वरिष्ठांचा तगादा असतो, मार्चअखेर आकडा भरला नाही तर त्याची झाडाझडती होते. त्यास पाणी द्या, ओट्यावर बसवा, मग वॉरंट मागा. जकातदार जक्कयाच्या घरी आपला प्रभू उतरावयास गेला, हे विसरून कसे चालेल? त्या दिवशी यंत्र खाली ठेवविणाऱ्या अधिकाऱ्यांनी जाताना आजीबाईंस सांगितले की, पुढल्या वेळी कडी लावू नका, मला बोलवा.

आमच्या पास्टरेटच्या वडीलजनांनी आता असे ठरविले आहे की, दर माघात प्रत्येक गावी एकट्या राहणाऱ्या भगिनींच्या घरी दोघांनी जावे आणि न वाचलेले कागद मागून घ्यावे. यंदा पहिल्या फेरीतच अकरा कागद निघाले. कणगीतून, उशीखालून, एक तर शास्त्राच्या पुस्तकातून, स्तोत्रसंहितेच्या पानांत दडविलेला.

आजीबाईंचा शेवटचा हप्ता पोळ्याच्या आधी भरून झाला. त्यांनी साऱ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेविल्या आहेत आणि आलेल्या-गेलेल्यास त्या डबा उघडून दाखवितात. मागील महिन्यात आम्हांसही दाखविला. मग झाकण लावीत म्हणाल्या, "अन् सायेब, तुमची पट्टी भरली का?"

भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भरली.