उपकाराची उंची

परोपकाराची उबळ ही खोकल्याच्या उबळीसारखी असते. ती दाबून धरता येत नाही, आणि आली की त्रास आजूबाजूच्या माणसांना होतो. मला अशी उबळ काही वर्षांपूर्वी जालन्यात आली. त्रास झाला तो आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना.

दाजी हाडाचे फिटर. जालना हे लोखंडाचं आणि बियाण्यांचं गाव. कितीतरी घरांच्या स्लॅबच्या पोटात इथली सळई असते आणि कितीतरी शेतांच्या पोटात इथलं बी. ‘जालना, सोने का पालना’ असं जुनी माणसं अजून म्हणतात. दाजींच्या वाट्याला पाळण्यातलं सोनं काही आलं नाही. लोखंड मात्र पोटभर आलं. तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळया इकडून तिकडे धावत होत्या, पण त्यांना कधी साधं खरचटलं नाही. पडले ते स्वतःच्या गच्चीवरून, पाण्याची टाकी सरळ करताना. त्या उन्हाळ्यात नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी येत होतं, आणि टाकी एका अंगाला कलल्यामुळे दोन बादल्या पाणी कमी मावतं असा त्यांचा हिशेब होता. दोन बादल्यांपायी मणका गेला. कमरेखाली काही कळेनासं झालं. “पाय आहेत,” भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, “पण सध्या आमचं बोलणं नाही.”

भेटायला येणारे पुष्कळ होते. कुणी जपमाळ आणली, कुणी मोसंबी आणली. एक सद्गृहस्थ म्हणाले, “देव परीक्षा पाहतो.” दाजी म्हणाले, “मग कॉपी तरी करू द्यावी.” त्यानंतर ते सद्गृहस्थ आले नाहीत.

दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीत बसून घरी आल्यावर चार महिने दाजींनी टीव्ही पाहिला. मग एके दिवशी अक्काचा मला फोन आला. “अरे, टीव्ही बघायचा सोडून रिमोट उघडून बसलेत. भाजीच्या सुरीनं!” माझी उबळ नेमकी इथं उसळली. ‘दाजींना घरातल्या घरात एक छोटा कारखाना थाटून द्यायचा. तेवढाच विरंगुळा!’ असा निश्चय करून मी जालन्याची गाडी पकडली. इथं कबूल केलं पाहिजे, की तोवर मी आयुष्यात भिंतीत एक खिळाही ठोकला नव्हता. पण उपकार करणाऱ्याला विषय यावा लागतो, असा कुठं नियम आहे?

अंगणाकडच्या खोलीत ज्वारीची पोती, एक मोडका कूलर आणि भाच्याच्या लग्नातली उरलेली द्रोणपत्रावळ होती. ती हलवून आम्ही मिस्त्री बोलावला. मिस्त्रीनं जमिनीवर बैठक मारली, फळी दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरली, आणि दोन दिवसांत एक देखणं टेबल उभं केलं. उंची तीन फूट. खाली हत्यारांसाठी दोन कप्पे, त्यांना कुलूप. मी भारावून गेलो. दाजींची खुर्ची टेबलाशी नेली, तेव्हा टेबल त्यांच्या छातीशी आलं आणि गुडघे कप्प्यांवर आपटले. लग्नाच्या पंगतीत लहान पोराला मोठ्यांच्या टेबलाशी बसवावं, तसे ते दिसू लागले. त्यांनी टेबलावर हनुवटी टेकवली आणि म्हणाले, “छान आहे. दाढी करायला चांगलं आहे.”

मी मिस्त्रीला विचारलं, “अहो, एवढं उंच का केलं?”

“टेबल तीन फुटांचंच असतं साहेब.”

हे ज्यानं सांगितलं तो स्वतः जमिनीवर मांडी घालून बसला होता! आपल्याकडे सोनार बसून काम करतो, चांभार बसून करतो, शेजारच्या पैठणला पैठणी विणणारा मागावर बसूनच विणतो. शतकानुशतकं या मुलखातला कारागीर बसलेलाच आहे, आणि त्याला अपंग म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उभं राहून काम करायची रीत बहुधा कारखान्यांबरोबर आली असावी. तरी ‘टेबल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभ्या माणसाचंच टेबल येतं. फरक एवढाच, की मिस्त्रीचे अंगठे हाच त्याचा वाइस असतो. दाजींना टेबलावर लोखंडी वाइस बसवावा लागणार होता. एका वाइसचा फरक!

दाजींनी मग सूत्रं हाती घेतली. मिस्त्रीच्या हातातली टेप बाजूला ठेवायला लावली आणि आपलं कोपर हवेत काटकोनात धरलं. “हे माप घे.” त्या कोपराखाली टेबल आलं ते अडीच फुटांच्या आसपास. कप्पे निघाले, गुडघ्यांना मोकळीक झाली. फळीला पोटाजागी अर्धगोल खाच पाडली. आता खुर्ची आत शिरली की दोन्ही कोपरांना टेबलाचा आधार. खोलीच्या मध्यावर पाच फुटांचं वर्तुळ खडूनं आखलं. एवढी जागा असल्याशिवाय खुर्ची जागच्या जागी फिरत नाही. त्या वर्तुळात पोतं, पाहुणा किंवा मेहुणा काहीही ठेवायचं नाही, अशी आज्ञा झाली. पाना, पक्कड, कानस, पेचकस अशी हत्यारं भिंतीवर लागली, पण गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. खुर्चीतला हात तेवढाच सुखानं पोचतो. या सगळ्यात आपलाही काही हातभार हवा, म्हणून मी दाराजवळ स्वतः एक खुंटी ठोकली. ती पहिल्या फटक्यात बसली नाही, चौदाव्या फटक्यात बसली. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

उताराची कथा निराळी. अंगणातून खोलीत यायला दोन पायऱ्या, मिळून चौदा इंच. गवंड्यानं त्यावर चार फुटांचा गुळगुळीत उतार ओतला. चढताना मी खुर्ची ढकलली. उतरताना खुर्चीनं मला ढकललं, थेट तुळशीवृंदावनापर्यंत. नंतर कळलं, की एक इंच चढायला एक फूट लांबी लागते. म्हणजे चौदा इंचांना चौदा फूट! अंगण नऊ फुटांचं, म्हणून उताराला मध्ये एक सपाट वळण देऊन तो काटकोनात फिरवला. अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली झाला आणि तेव्हापासून कचेऱ्याकचेऱ्यांतून असे उतार दिसतात. एका कचेरीतला उतार मी मुद्दाम मोजायला गेलो. मोजता आला नाही, त्यावर साहेबांची मोटारसायकल होती.

याच दिवसांत मी चाकाच्या खुर्चीविषयी वाचत होतो, आणि सापडलेलं दाजींना ऐकवत होतो. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हतं. त्यानं १६५५ साली, ऐन बाविशीत, हातानं दांडा फिरवून चालवायची तीनचाकी खुर्ची स्वतःच बनवली. घड्याळातले दंतचक्र खुर्चीत घातले, झालं! आणि आज दिसते ती नळ्यांची, घडी होणारी खुर्ची? खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा दोस्त हॅरी जेनिंग्ज, दोघेही इंजिनियर. १९३०च्या दशकात अमेरिकेत या दोघांनी ती घडवली, कारण एव्हरेस्टला खुर्ची मोटारीत टाकून हिंडायचं होतं. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर आत्मचरित्रालाच ‘चाकाची खुर्ची’ नाव दिलं, आणि त्याच खुर्चीतून १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली.

दाजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे खुर्ची खुर्चीवाल्यांनीच बनवली. मेहुण्यांनी नाही.”

कारखाना सुरू झाला. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या, कुकरचे दांडे येऊ लागले. आणि मग ती दुपार आली. दाजी एका रेडिओला डाख देत होते. तापलेली सोल्डरची सळई टेबलावरून गडगडली आणि मांडीवर पडली. चटका बसला, पण कळला नाही. त्यांना कळलं ते पायजमा जळाल्याच्या वासानं. रुपयाएवढी जखम, पण तिथं रक्ताचा पुरवठा मंद, बसून बसून दाब, त्यामुळे ती भरायला दीड महिना लागला.

दुसऱ्या दिवशी अक्कानं खोलीला कुलूप लावलं. ग्राइंडर तर तिनं आधीच गव्हाच्या डब्यात लपवला होता.

मला निवाड्याला बोलावण्यात आलं. मी अर्थातच अक्काच्या बाजूनं. ज्या माणसाला आपण भाजतोय हे कळत नाही, त्याच्या हाती विस्तव द्यावा का? प्रश्न असा मांडला, की उत्तर आपोआप ‘नाही’ येतं. दाजी पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्षं त्या भट्टीपुढं उभा होतो. तेव्हा तुम्ही कुणी कुलूप लावलं नाही. पगार येत होता ना?”

अक्का उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मी जमिनीकडे बघत राहिलो, तर तिथं ते खडूचं वर्तुळ.

रात्री झोप लागेना, तेव्हा मी माझं मत तपासलं. मला खरोखर दाजींची काळजी होती? थोडी होतीच. पण कुलूप लावायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यानंतर मला पुण्यात निवांत झोप लागली असती, हेही खरं होतं. आपण ज्याला दुसऱ्याची काळजी म्हणतो तिच्यातला बराचसा भाग स्वतःच्या झोपेची काळजी असतो. धोका माझाही कमी नव्हता; मी रोज स्कूटरवरून जातो, आणि माझ्या डोळ्यांचा नंबर मोठा आहे. पण माझ्या स्कूटरची किल्ली कुणी गव्हाच्या डब्यात ठेवत नाही. मी चालतो, म्हणून मला मूर्खपणा करायचा हक्क; दाजी बसलेत, म्हणून त्यांचा तो हक्क कुटुंबाच्या मालकीचा! हे गणित कुठं मांडलंय, मला सापडेना.

सकाळी मी अक्काला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. हा आपल्या सांगलीकडचा जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. पोहायला लागला, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सोन्याचं पदक घेऊन आला. “त्याला कुणी पाण्यात उतरूच दिलं नसतं तर?” मी विजयी मुद्रेनं विचारलं.

अक्का भाकरीचं पीठ मळत होती. म्हणाली, “पण त्याच्या काठावर कुणीतरी उभं असेल ना?”

“मग तू उभी राहा.”

“आणि भाकरी काय तू थापणार?” असं म्हणून तिनं परातीकडे पाहिलं. पाहतच राहिली. “काय रे, परातीला काठ असतो म्हणून पीठ खाली सांडत नाही. त्यांच्या टेबलाला काठ का नाही?”

एक फिटर, एक मिस्त्री आणि एक उपकारकर्ता अशा तीन पुरुषांना जे दोन महिन्यांत सुचलं नव्हतं! टेबलाच्या कडेनं, अर्धगोल खाचेसकट, अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोकली. आता काही गडगडलं तरी पट्टीशी थांबतं. वेल्डिंगच्या दुकानातून चामड्याचा एप्रन आणला, तो मांडीवर घ्यायचा. रोज रात्री अक्का हातआरसा घेऊन पायांची पाहणी करते. कुठं लाल दिसलं की दुसऱ्या दिवशी सुट्टी. सुट्टी ही शिक्षा नाही, असं दोघांनी लेखी ठरवलंय. तो कागद ग्राइंडरच्या डब्यात असतो. गव्हाच्या डब्यात आता फक्त गहू.

एक भानगड मात्र शिल्लक होती. गल्लीतली मंडळी वस्तू आणताना म्हणत, “तुमचा तेवढाच वेळ जाईल,” आणि पैसे न देता जात. शेवटी दाजींनी दारावर पाटी लावली : ‘इथं वेळ घालवला जात नाही. दुरुस्ती केली जाते.’ खाली दर.

परवा गेलो होतो तेव्हा माझा टेबलफॅन बरोबर नेला. दाजींनी तो उघडला आणि मला आतली वायर धरायला लावली. अडीच फुटांच्या त्या टेबलावर मी दहा मिनिटं वाकून उभा होतो. कंबर धरली. सरळ व्हावं तर वायर सुटते, वाकावं तर पाठ मोडते.

“उभ्या माणसांची इथं जरा गैरसोय आहे,” दाजी म्हणाले. “तो स्टूल घ्या.”

पंखा सुरू झाला. “एकशे वीस,” ते म्हणाले. क्षणभर मला लागलं. ही खोली कुणी उभी करून दिली, हे ओठांवर आलं होतं. मग मुकाट्यानं पाकीट काढलं. त्यांनी दोनशेची नोट उजेडात धरून पाहिली आणि ऐंशी रुपये मोजून परत केले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, “एप्रन घेतलाय का मांडीवर?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडीकडे पाहिलं. तिथं एप्रन नव्हता. तो दाराजवळ लटकत होता, मी ठोकलेल्या त्या खुंटीवर. माझ्या डोळ्यांच्या रेषेत. दाजींचा हात तिथवर जाणं शक्यच नव्हतं.

मी घाईघाईनं एप्रन काढून त्यांच्या मांडीवर टाकला आणि ओरडलो, “घेतलाय!”

“हातोडी डाव्या हाताला आहे,” दाजी हळूच म्हणाले. “ती खुंटी दीड फूट खाली घ्या.”