ही भीती कोणाची?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका लहान गावात शाळेची बस चालवणारी एक बाई राहत होती. सकाळी पोरांना घरून घ्यायचं, दुपारी घरी सोडायचं आणि पोर दाराआड गेलेलं दिसल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही, हा तिचा नेम होता. हिच्या बसमध्ये पोर चढलं की आपली काळजी मिटली, असं गावातल्या आया म्हणत.

तिचा स्वतःचा एकुलता एक मुलगा मात्र अठरा वर्षांचा होताच तिच्या नजरेपलीकडे गेला. पोरगा गणितात हुशार होता आणि बिघडलेलं यंत्र उघडून बसायची त्याला हौस होती. नौदलाच्या भरती परीक्षेतले त्याचे गुण पाहून त्याला अणुशक्ती विभागाबद्दल विचारलं गेलं. अमेरिकेच्या सगळ्या पाणबुड्या आणि विमानवाहू जहाजं अणुभट्टीवर चालतात, आणि त्या भट्ट्या सांभाळणाऱ्या खलाशांना तिकडे ‘न्यूक’ म्हणतात. त्याने सहा वर्षांच्या करारावर सही केली.

पहिली पायरी होती ग्रेट लेक्स. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या या तळावर नवे खलाशी घडवले जातात. पोहोचल्याचा एक तुटक फोन आला आणि मग आवाज बंद. काही दिवसांनी दारात एक खोकं आलं. जाताना अंगावर होते ते त्याचे कपडे आणि बूट नौदलाने घरी परत पाठवले होते. तिने शर्ट हातात घेतला आणि स्वयंपाकघरातच बसून ती पोटभर रडली.

दीक्षान्त संचलनाच्या दिवशी तिच्या शेजारी मेन राज्यातल्या मासेमारी गावातली एक वयस्क बाई बसली होती. तिचा धाकटा मुलगा त्याच तुकडीत होता आणि थोरला न्यूक म्हणून पाणबुडीवर होता. हिचाही मुलगा न्यूक होणार हे कळताच तिने एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. म्हणाली, “आम्ही काही आया दर रविवारी रात्री फोनवर एकत्र बोलतो. तूही ये.”

हिने आभार मानून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि विसरून गेली. आपलं दुःख परक्या बायकांपुढे कशाला मांडायचं? बोलायला आपला मुलगा आहे की!

मुलगा आता दक्षिण कॅरोलायनात, चार्ल्स्टनजवळच्या गूस क्रीक इथल्या अणुशक्ती प्रशालेत दाखल झाला. आधी आपापल्या कामाचं काही महिन्यांचं शिक्षण, मग सहा महिने ‘पॉवर स्कूल’ आणि त्यानंतर आणखी सहा महिने खऱ्याखुऱ्या अणुभट्टीवर काम, असा तो क्रम असतो. पॉवर स्कूलमध्ये गणित, पदार्थविज्ञान, रसायन, उष्णताशास्त्र आणि अणुभट्टीची तत्त्वं एकामागून एक अंगावर येतात. अभ्यासाचं साहित्य गोपनीय असल्यामुळे वही-पुस्तक इमारतीबाहेर नेता येत नाही. गृहपाठही तिथेच बसून करायचा, आणि आत फोन न्यायची परवानगी नाही. आयुष्यात कधी नापास न झालेली मुलं इथे पहिल्यांदा नापास होतात.

आई रोज रात्री फोन करायची. जेवलास का? झोपलास किती? पेपर कसा गेला? बाकीच्यांना किती पडले? तू असा का बोलतोयस? मुलगा म्हणायचा, “सगळं ठीक आहे.” दिवसेंदिवस त्याचं बोलणं आखूड होत गेलं, आणि ते जितकं आखूड होई तितके तिचे प्रश्न वाढत.

एके दिवशी त्याच्याच तोंडून निसटलं की महिन्यापूर्वी एका परीक्षेत तो नापास झाला होता. ती कळवळली. “मला सांगितलं का नाहीस?”

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती. तुला झोप लागत नाही हे कळलं की मलाही लागत नाही. आणि सकाळी वर्गात मला बसायचं असतं, आई.”

त्या रात्री तिने पर्स उलटी करून ती चिठ्ठी शोधली.

मेनच्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी विचारलं, “तू आत्ता जे जे सांगितलंस, त्यातली तुझी भीती किती आणि त्याची किती?”

“आई आणि मुलात अशी वाटणी करतात का?”

“करावी लागते,” त्या म्हणाल्या. “तुझी भीती असेल तर ती रविवारी इथे घेऊन ये. रड, ओरड, रात्री दोन वाजता फोन कर, आम्ही उचलू. त्याची असेल तर त्याच्या शेजारी बसल्यासारखी ऐक आणि त्यालाच बोलू दे. पण तुझी भीती त्याच्या पाठीवर ठेवू नकोस. त्याचं ओझं आधीच भरलेलं आहे. दर फोनला त्याला तुझंही सांत्वन करावं लागतं, म्हणून तो खोटं बोलतो.”

पुढच्या रविवारपासून ती त्या आयांमध्ये बसू लागली. कुणी टेक्सासची, कुणी ओहायोची. एक दवाखान्यात रात्रपाळी करायची, एकीचं किराणा दुकान होतं. नियम मोजकेच होते. जहाज कधी निघणार, कुठे जाणार हे बोलायचं नाही, कारण त्यात सगळ्यांच्याच मुलांचा जीव गुंतलेला असतो. मुलांच्या गुणांची तुलना करायची नाही. आणि रडणाऱ्या बाईला “रडू नकोस” म्हणायचं नाही.

बाईंनी तिला सांगितलं की ही रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धापासून अमेरिकेत मूल सैन्यात असलेली घरं खिडकीत निळ्या ताऱ्याचं निशाण लावतात. 1942 साली, दुसऱ्या महायुद्धात, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात अशा घरांतल्या आया एकत्र आल्या आणि त्यातून ‘ब्लू स्टार मदर्स’ ही संघटना उभी राहिली. रोज पत्राची वाट पाहणाऱ्या त्या बायकांना कळलं होतं की ही वाट एकटीने पाहिली तर माणूस खचतं.

आता ती मुलाला रोज फोन करत नसे. तो करी तेव्हा प्रश्नांची फैर झाडत नसे. एकदा तिने एवढंच विचारलं, “कुठल्याही शाळेच्या पुस्तकात असतं तेवढं, मला कळेल असं सांगशील? तुमची ती भट्टी जहाज कसं चालवते?”

पोरगा खुलला. सांगू लागला, “दोन पाणी असतात. एक भट्टीतून फिरतं. इंधनाची उष्णता तेच घेतं. त्याच्यावर इतका दाब असतो की तापलं तरी ते उकळत नाही. ते नळ्यांमधून जातं. नळ्यांच्या बाहेर दुसरं पाणी असतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर जहाज चालतं. दोन्ही पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. पहिल्यातला किरणोत्सार दुसऱ्यात जात नाही. पलीकडे जाते ती फक्त उष्णता.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. बाईंनी वेगळ्या शब्दांत हेच तर सांगितलं होतं. तिचं उकळणारं मन रविवारच्या फोनवर फिरत राहील. मुलापर्यंत जायला हवी ती फक्त ऊब.

पण या शिकवणीला दुसरी बाजूही होती, आणि ती तिला ओहायोच्या बाईमुळे कळली.

एका रविवारी ती बाई चाचरत म्हणाली, “मुलगा काल म्हणाला, मी नसतो तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं. दमला असेल, नाही का? मी उगीच घाबरते. म्हणून त्याला काही विचारलं नाही.”

मेनच्या बाईंचा आवाज एकदम बदलला. “ही भीती तुझी नाही, त्याची आहे. ती गिळून टाकायची नाही. आत्ता फोन ठेव आणि त्याला सरळ विचार, मरावंसं वाटतंय का. विचारल्याने मुलाच्या मनात नसतं ते येत नाही. असतं ते बाहेर पडतं. त्याने फोन उचलला नाही तर तळावरच्या ड्यूटी अधिकाऱ्याला लाव आणि एकही शब्द न लपवता सांग.”

कोणी 988 हा मदतीचा क्रमांक सांगितला. त्यावर 1 दाबलं की सैनिकांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असलेल्या माणसांशी बोलता येतं. कोणी सांगितलं की नौदलाच्या चॅप्लेनला, म्हणजे धर्मगुरूला, सांगितलेली गोष्ट त्याच्यापाशीच राहते. कोणी ‘ब्रँडन ॲक्ट’ची आठवण दिली. 2018 साली आत्महत्या केलेल्या एका तरुण खलाशाच्या आईवडिलांनी झगडून हा कायदा करवून घेतला. 2021 मध्ये त्यावर सही झाली. सैनिकाने वरिष्ठाला कारण न सांगता मनाच्या तपासणीची मदत मागितली तर ती त्याला मिळालीच पाहिजे, असं तो म्हणतो.

ओहायोच्या बाईने विचारलं. मुलगा फोनवर हमसून हमसून रडला. त्याच रात्री त्याच्या सोबतीला माणूस गेला, पुढे उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी त्याने अणुशक्तीचा विभाग सोडला आणि नौदलातच दुसरं काम स्वीकारलं.

पुढच्या रविवारी त्याची आई म्हणाली, “आता माझा मुलगा न्यूक राहिला नाही. मी इथे यायचं का?”

दवाखान्यातली बाई म्हणाली, “आम्ही परीक्षेच्या आया नाही, मुलांच्या आया आहोत. तू आली नाहीस तर मी तुझ्या घरी येईन.”

यथावकाश हिच्या मुलाचं पॉवर स्कूल पार पडलं. शेवटच्या सहा महिन्यांसाठी त्याला चार्ल्स्टनच्या धक्क्याला कायमची बांधून ठेवलेली एक पाणबुडी मिळाली. तिचं नाव सॅन फ्रान्सिस्को. आईने कौतुकाने त्या बोटीची माहिती वाचायला घेतली आणि तिचे हातपाय गार पडले. 8 जानेवारी 2005 रोजी, ग्वाम बेटाच्या दक्षिणेला, ही पाणबुडी पूर्ण वेगात समुद्राखालच्या डोंगरावर आदळली होती. एक तरुण खलाशी दगावला, 98 जण जखमी झाले.

मध्यरात्र झाली होती. तिने फोन उचलला, मुलाचं नाव समोर आलं. मग तिने स्वतःलाच विचारलं, ही भीती कोणाची? मुलगा तर आनंदात होता. तिने मेनचा नंबर लावला.

बाई लगेच बोलल्या. “वाचलंस ना? आता पुढचंही ऐक. पुढचा भाग चिरडला गेला, तरी भट्टी शाबूत राहिली. जखमी माणसांनी ती बोट वर आणली आणि स्वतःच्या बळावर ग्वामला परत नेली. नंतर होनोलुलू नावाची तिच्याच जातीची पाणबुडी निवृत्त झाली, तिचा पुढचा भाग कापून हिला जोडला. ती पुन्हा कित्येक वर्षं समुद्रात गेली. आज तिच्यावर पोरं शिकतात. तुझ्या मुलाकडून एकेक गोष्ट शंभरदा घोटून घेतात, ती तशाच एखाद्या दिवसासाठी. अणुनौदलाचा पाया घालणारे ॲडमिरल रिकोव्हर सांगत, की आपल्या पोटच्या पोराच्या हाती द्यायला मन कचरणार नाही, इतकं ते यंत्र सुरक्षित हवं. आता बोल, अजून काय वाटतंय?”

ती तासभर बोलली. मुलाला त्यातलं काही कळलं नाही.

भट्टीवरच्या शिक्षणात पाळ्या सतत बदलतात. प्रत्येक गोष्ट येते हे जाणत्या माणसाला पटवून त्याची सही घ्यावी लागते, आणि शेवटी तज्ज्ञांच्या मंडळापुढे तोंडी परीक्षा असते. त्या परीक्षेच्या रात्री मुलाचा फोन आला.

“आई, मी नापास झालो.”

घशाशी आलेले दहा प्रश्न तिने मागे ठेवले. म्हणाली, “सांग.”

तो सांगत राहिला. कुठल्या प्रश्नाला अडला, उत्तर येत असून शब्द कसे फुटले नाहीत, बाहेर आल्यावर किती लाज वाटली. सांगून झाल्यावर त्याचा श्वास सुटला.

“आता काय करायचं असतं?” तिने विचारलं.

“कच्चं राहिलंय ते घोटायचं आणि पुन्हा मंडळापुढे उभं राहायचं.” थोडं थांबून तो म्हणाला, “मागच्या वेळी एक महिना लपवलं होतं. आज बाहेर पडल्यावर पहिला फोन तुलाच केला.”

पुढच्या वेळी तो पास झाला. पण तिला त्या नापासाच्या फोनचा अभिमान अधिक वाटला, आणि तिने तो रविवारी सगळ्यांना सांगितला.

तात्पर्य: मुलावरच्या मायेत आपली भीतीही मिसळलेली असते. ती पुसता येत नाही, पण ती कुठे ठेवायची हे ठरवता येतं. आपली भीती मुलाच्या हाती दिली की तो आपल्यालाच सांभाळत बसतो आणि स्वतःचं दुःख लपवू लागतो. ती समदुःखी माणसांमध्ये ठेवली की मुलाचं ऐकायला मन मोकळं राहतं. असं मोकळं मन असलेल्या आईलाच कळतं की मुलाचा जीव खरोखर धोक्यात कधी आहे, आणि त्या क्षणी ती गप्प बसत नाही. म्हणून ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी एकमेकींना धरून राहावं.