धान्याचा नफा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नंदुरबारच्या पेठेतले व्यापारी नव्या वह्यांना कुंकू लावतात. गुजरातची हद्द जवळ, म्हणून त्याला चोपडापूजन म्हणणारेही पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या घरी त्याच वेळी केरसुणीची आणि धान्याची पूजा होते. वही बहुधा नसतेच. हा त्याचा भोळेपणा, असे शहरातल्या मंडळींना वाटते. मला मात्र त्यात एक जुना प्रश्न दिसतो. धान्य पिकवणाऱ्याने नफा पाहावा काय? आणि पाहायचा, तर कोणाकोणाचे देणे भागल्यावर जे उरेल त्याला नफा म्हणावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी चटकन देऊन टाकतो. अन्न हे पूर्णब्रह्म, त्यावर कसला नफा घ्यायचा, असे भरल्या पोटी म्हणणे सोपे असते. तोट्यात शेती करणारा काही साधू होत नाही. तो मजुराचे पैसे तटवतो, शेणखत विकून टाकतो, उद्याचे बियाणे आज दळतो. तोटादेखील कोणाच्या तरी अंगावर पडतोच, आणि तो कोणी दुबळाच असतो. तेव्हा नफा मिळवण्यात मला पाप दिसत नाही.

घोटाळा आहे तो दुसऱ्या प्रश्नात. सरकारने १९६५ साली कृषी मूल्य आयोग नेमला. पुढे पिकाच्या खर्चाचे हिशेब फार बारकाईने होऊ लागले. बियाणे, खत, मजुरी तर त्यांत धरतातच. पण घरच्या माणसांच्या कष्टांची किंमत, स्वतःच्याच जमिनीचा खंड, एवढेच काय, अवजारांची झीजसुद्धा मांडतात. या ‘झीज’ शब्दापाशी मी अडतो. नांगर झिजतो त्याची नोंद आहे. ज्या मातीत तो चालतो ती झिजते, तिला रकाना नाही. खंड मांडतात तोही मालकाच्या नावे, मातीच्या नव्हे.

शहादा तालुक्यातली आमची तापीकाठची जमीन काळी आणि खोल. तिची झीज एका पिढीच्या डोळ्यांना दिसत नाही, हीच तर अडचण! आमच्या रानाची जुनी रीत अशी की, खरिपात मूग किंवा उडीद घ्यायचा आणि तो निघाला की पावसाच्या अखेरीस दादर पेरायची. (परमुलुखातल्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आम्हां खानदेशवासीयांची रब्बी ज्वारी.) मूग जाता जाता मातीत नत्र ठेवून जातो. दादर मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर वाढते, विहिरीकडे फारसे मागत नाही. दाणा माणसांना, कडबा गुरांना, आणि गुरांचे शेण पुन्हा रानाला. घेतल्याची फेड त्या फेऱ्यातच होते.

माझा पुतण्या म्हणतो, “काका, मका घेऊ.” त्याचा हिशेब खोटा नाही. मक्याचा उतारा अधिक, हे मलाही कबूल आहे. पण मका जमिनीतून ओढतोही तसाच. आणि त्यातला पुष्कळसा जातो कोंबड्यांच्या खाद्याला, नाहीतर इथेनॉलला.

आणखी एक देणे आहे. त्याविषयी आमच्या भागात आवाज जरा खाली आणूनच बोलतात. आखाजीला सालदार ठेवायचा आणि पुढच्या आखाजीला त्याचे साल पुरे करायचे, ही इथली चाल. त्या सालभरात कोणी किती राबावे आणि किती खावे, हे मालकच ठरवी. १९७२ साली अंबरसिंग सुरतवंती यांच्या चळवळीत इथले आदिवासी शेतमजूर बोलू लागले, तेव्हा तालुक्याला ऐकावे लागले की कित्येक भरल्या कणग्यांखालची जमीन मुळात दुसऱ्याचीच होती. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ सालचा. त्या शेतांतून तोवर निघालेला नफा कोणाचा म्हणायचा, हे मात्र कोणत्याच कायद्याला सांगता आले नाही.

पूर्वी खळ्यावर रास पडली की आधी बियाणे निघे, मग बलुतेदारांचे सूप भरे, आणि उरेल ते मालकाच्या घरी जाई. त्या वाटणीत न्याय होता असे मी मुळीच म्हणणार नाही. क्रम मात्र मला पटतो.

“पण मातीचे देणे मांडायचे किती? आकडा सांगा,” असे पुतण्याने विचारले. मी त्याला माती परीक्षणाचा कागद दाखवला. त्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. तो खाली उतरू न देण्यासाठी जेवढे शेणखत लागेल तेवढे पहिले देणे, सालदाराचे दुसरे, आपण त्याच्या मागे. पोरगा हुशार आहे. म्हणाला, “शेजारचा हे देणे मांडणार नाही. त्याचे धान्य बाजारात स्वस्त पडेल. मग आपण टिकायचे कसे?”

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याला सुटणारा नाही. स्वस्त भाकरी मागणाऱ्या प्रत्येक घराचा त्यात हात आहे. तूर्त अर्धे रान मी त्याला मक्यासाठी दिले आहे, शेणखताच्या अटीवर. उरलेल्या अर्ध्यातला मूग निघाला. दादर आता वीतभर झाली आहे.