वापरलेल्या तेलाचा साबण

बडोद्यात मांडवीच्या आसपास फरसाणाच्या कढया तापतात, तेव्हा जुन्या तेलाचा प्रश्न नाकालाच कळतो. ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम देशात 2018 पासून आहे. त्याचा साबण मात्र होतो. आम्हीही घरी केला. 1 किलो शेंगदाण्याचे तेल गाळले, 130 ग्रॅम कॉस्टिक सोडा पाण्यात हळूहळू सोडला (सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते!), दोन्ही घोटून वड्या पाडल्या व पाच आठवडे वाळवल्या. तळणाचा वास राहू नये म्हणून गवती चहाचे तेल घातले.

वाटण्यासाठी वड्या बांधताना मनात आले, यांतली एक तरी आपल्या न्हाणीघरात ठेवली आहे काय? नव्हती. गरिबाला चालेल, असे आम्ही न बोलताच ठरवले होते. प्रियजनहो, आंधळे-लंगडे पशू अर्पण करणाऱ्यांना मलाखी (1:8) विचारतो की, हेच तुमच्या अधिकाऱ्याला चालेल काय?

दोष तेलाचा नव्हता. सोड्याने त्याचे रूपच पालटले होते. सुगंधाने झाकला तो आमचा संकोच. उरलेले देऊच नये काय? रूथ तर उरलेलेच वेचत होती. पण बवाजाने तिच्यासाठी पेंढ्यांतूनही मुद्दाम काढून टाकायला सांगितले.

पहिली वडी आता आमच्याच न्हाणीघरात आहे. फेस बेताचाच येतो. बाकीच्या अजून बांधलेल्याच आहेत.